बारा बाय दहाचा खंडाळा घाट

कर्जतच्या पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंतचा मूळ लोहमार्ग सुमारे २५ किलोमीटरचा आणि एकूण चढ १,८३१ फुटांचा, म्हणजे ५५८ मीटरचा. या दोन्ही आकड्यांना ८७ने भागलं, तर मार्ग उरतो २८७ मीटर आणि डोंगर उरतो सहा मीटर चाळीस सेंटीमीटर. ८७ हा आकडा हवेतून आलेला नाही. मॉडेल रेल्वेच्या जगात सर्वाधिक चालणारं प्रमाण १:८७ आहे, त्याला ‘एचओ’ म्हणतात. म्हणजे घाट इतका आकसूनही त्याला दोन मजल्यांची उंची हवी आणि एखाद्या लहान गल्लीची सगळी लांबी हवी. असा घाट धायरीतल्या गच्चीवरच्या बारा बाय दहाच्या खोलीत बसवायचा झाला, तर काय काय करावं लागेल?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. तो सोडवायला बसलं की १८५०च्या दशकात घाट बांधणाऱ्या इंजिनिअरांपुढे जी तीन कोडी होती, तीच समोर येतात: जागा कमी, चढ मर्यादित, वळण ठरावीक त्रिज्येच्या आत घेता येत नाही. त्यांनी काढलेलं उत्तरही आपल्याला उपयोगी पडतं. लहान रेल्वे ही मोठ्या रेल्वेची नुसती बारीक नक्कल नसते. काय ठेवायचं आणि कशावर पाणी सोडायचं, याचा तो निवाडा असतो, आणि तो निवाडा घाट बांधणाऱ्यांनाही चुकला नव्हता.

गच्ची, पत्रा आणि माळा

धायरीत रेल्वे नाही. पुणे स्टेशन शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मिरजेकडे जाणारा मार्गही इथून लांबच. इथे ऐकू येतात ते सिंहगड रस्त्यावरचे हॉर्न. २०१७ साली जी अकरा गावं पुणे महापालिकेत आली, त्यांत धायरी होती. तोवर गाव कधीच शहर होऊन बसलं होतं: डोंगरउतारावर मोठे गृहप्रकल्प, खाली एक-दोन गुंठ्यांवर उभी राहिलेली दोन-तीन मजली घरं, आणि नऱ्ह्याच्या बाजूला लेथ, वेल्डिंग, पावडर कोटिंगची लहान लहान वर्कशॉपं.

इंग्लंड-जर्मनीत हा छंद वाढला तो उतरत्या छपराखालच्या पोटमाळ्यात आणि तळघरात. तिथे घराच्या नकाशातच ही फुकटची जागा असते. आपल्या स्लॅबच्या घरात ती नसते. फ्लॅटमध्ये जो माळा असतो तो बाथरूमवरचा, दोन फूट खोल, आणि त्यावर गणपतीचं मखर, जुन्या बॅगा आणि वापरात नसलेला कूलर यांचा पिढीजात हक्क असतो. सोसायटीची गच्ची सगळ्यांची, म्हणजे तिथे रूळ टाकायचे तर आधी वार्षिक सभेत ठराव टाकावा लागेल. राहिलं ते गुंठ्यावरचं स्वतंत्र घर. त्याच्या गच्चीवर जिन्याला लागून एक खोली असते, वर पत्रा असतो, आत पाण्याच्या मोटारीचं स्टार्टर आणि रंगाचे रिकामे डबे असतात. पुण्यातला ‘लॉफ्ट’ तो हाच. बारा बाय दहा, म्हणजे ३.६६ बाय ३.०५ मीटर.

ग्वाल्हेरचं जेवणाचं टेबल, कोथरूडचं शहर

मराठी घरात धावलेली सर्वांत प्रसिद्ध छोटी रेल्वे पुण्यात नव्हे, ग्वाल्हेरला आहे. जयविलास राजवाड्यातल्या भोजनगृहात लांबलचक टेबलावर रूळ टाकलेले आहेत आणि त्यावरून शिंदे सरकारांची चांदीची गाडी पाहुण्यांसमोर मद्य आणि सिगार घेऊन फिरत असे. तिच्या डब्यांवर एकेक अक्षर मिळून घराण्याचं नाव उभं राहतं. याच घराण्यातल्या माधवराव शिंद्यांच्या संस्थानात दोन फूट गेजची ग्वाल्हेर लाइट रेल्वे वाढत वाढत श्योपूरपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर गेली. टेबलावर एक रेल्वे आणि रानात एक, असा थाट होता. पण तो संस्थानिकाचा थाट होता. सामान्य मराठी माणसाने स्वतःच्या हाताने रेल्वे उभी केली त्याचं उदाहरण पाहायचं, तर धायरीहून राजाराम पुलावरून नदी ओलांडून कोथरूडला जावं लागतं.

जी. ए. कुलकर्णी पथावर ‘जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे’ आहे. भाऊसाहेब जोशी हे यंत्रोपकरणांच्या धंद्यातले उद्योजक. लहानपणापासूनचं रेल्वेवेड त्यांनी आधी फिरत्या प्रदर्शनाच्या रूपात लोकांपुढे आणलं. प्रत्येक वेळी रूळ जोडा, गाड्या लावा, खेळ दाखवा, पुन्हा सगळं खोक्यात भरा. या जोडा-मोडीतून कायमच्या मांडणीचा विचार पक्का झाला आणि १ एप्रिल १९९८ रोजी हे संग्रहालय खुलं झालं. इथे केवळ गाड्या धावत नाहीत. उड्डाणपूल, रस्ते, सर्कस, रस्त्याचे दिवे, साठावर सिग्नल असं एक अख्खं शहर आहे. खेळ चालू असताना खोलीतला दिवस मावळतो, घराघरांत दिवे लागतात आणि गाड्या आपापल्या वेळेवर सिग्नल घेत निघतात.

तिथे जाणाऱ्याने गाड्यांपेक्षा गाड्यांच्या मधल्या जागा पाहाव्यात. एक गाडी स्टेशनात शिरते, तिच्यामागचा सिग्नल लाल होतो, दुसरी गाडी अलीकडे उभी राहते, मग पहिली सुटल्यावर दुसरीला वाट मिळते. हे सगळं गाडीने गाडीला न ठोकता अर्धा-पाऊण तास चालायचं, तर सगळी करामत टेबलाखालच्या वायरिंगमध्ये असते. भाऊसाहेबांचा पिंड उपकरणं बनवणाऱ्याचा होता, हे त्या शिस्तीत दिसतं.

पण पुण्याकडे याहून जुनं भांडवल आहे आणि ते दिवाळीत रस्तोरस्ती दिसतं. विटा-दगड रचून त्यावर भिजवलेलं पोतं टाकायचं, पोत्यावर चिखलाचा हात फिरवायचा, हळीव पेरायचे आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे तटावर उभे करायचे. पुण्यातल्या मुलाने बांधलेला पहिला ‘लेआउट’ म्हणजे हा किल्ला. परदेशी छांदिष्टांच्या पुस्तकांत डोंगर करायची जी रीत शिकवली जाते, म्हणजे सांगाड्यावर कापड ताणून त्यावर प्लास्टरचा थर द्यायचा, ती आपल्याकडच्या दहा वर्षांच्या मुलाच्या हातात असते. फक्त प्लास्टरऐवजी चिखल. दुसरं भांडवल गणेशोत्सवातल्या हलत्या देखाव्यांचं. एकाच मोटारीवर पट्टे आणि पुली लावून राक्षसाचा हात वर, देवाची तलवार खाली, असं चोख वेळेत हलवणारे कारागीर या शहराने पिढ्यान्पिढ्या पोसले.

मग किल्ल्यातून रेल्वेकडे जाताना अडतं कुठे? प्रमाणापाशी. किल्ल्यावर सिंहासनावरचे महाराज महादरवाज्याहून उंच असले तरी कोणी हरकत घेत नाही, कारण तिथे मोठेपण मापाने दाखवायचं नसतंच. रेल्वेत तसं चालत नाही. गाडीचा डबा, फलाट आणि फलाटावरचा हमाल या तिघांनी एकच प्रमाण पाळलं नाही, तर डोळा लगेच फसवणूक पकडतो.

तीन मिलिमीटरची तडजोड

आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेपाच फूट. आपल्याकडच्या मध्यम चणीच्या माणसाची उंची. याला ८७ने भागलं की येतात १९.३ मिलिमीटर. एचओचा बाजारात मिळणारा रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटर गेजसाठी बनवलेला आहे. साडेपाच फुटी माणसाचा १:८७ पुतळा त्या रुळांवर आडवा ठेवून पाहावा. भारतीय रुळांमध्ये तो नेमका मावायला हवा, इथे तो जवळजवळ तीन मिलिमीटर बाहेर येतो. डबा त्यामुळे अरुंद पायांवर उभा असल्यासारखा दिसतो.

यावर उपाय दोन. एक, सगळे रूळ, गाडीला रूळ बदलून देणारे सांधे आणि चाकांचे आस स्वतः १९.३ मिलिमीटरला बनवायचे. नऱ्ह्याच्या लेथवर आस निघतील, पण एकेक सांधा हाताने घासून जमवण्यात वर्ष जाईल. दोन, १६.५ मान्य करायचं आणि डब्याच्या बगलेचा पट्टा किंचित खाली उतरवून चाकं सावलीत ठेवायची. बहुतेक भारतीय छांदिष्ट दुसरा मार्ग घेतात.

ज्याला तडजोड नकोच, त्याने महाराष्ट्रातलीच दुसरी रेल्वे निवडावी. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने १८९७मध्ये सुरू केलेली बार्शी लाइट ७६२ मिलिमीटर गेजची होती. १९०६मध्ये ती पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांची गाडी झाली. १९११मध्ये लातूर, १९२७मध्ये मिरज. ७६२ला ८७ने भागा: ८.७६. बाजारात ९ मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो, तो ‘एन’ प्रमाणासाठी. म्हणजे एनच्या रुळावर एचओच्या मापाचे डबे चालवले की बार्शी लाइट पाव मिलिमीटरच्या फरकाने खरी उतरते. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतलाही याच गेजची होती. तिच्यावर १९२१ सालचं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत राबलं. नेरळ-माथेरानचं गेज त्याहून अरुंद, ६१० मिलिमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये सात.

असं असताना घाटच का घ्यायचा? कारण जागेचं कोडं जितकं उघडं घाटात दिसतं, तितकं बार्शीच्या माळरानावर दिसत नाही.

घाटाने स्वतःला कसं बसवलं

१८५६मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाटाचं काम सुरू केलं. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. खंडाळा ते पुणे हा वरचा तुकडा जून १८५८मध्येच चालू झाला आणि पाच वर्षं अशी विचित्र स्थिती राहिली की पुण्याला रेल्वे होती, मुंबईलाही होती, पण मधला डोंगर प्रवाशाला पालखी-डोलीने नाहीतर गाडीघोड्याने पार करावा लागे. घाटाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये भारतात आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने गेला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट आपल्याकडे घेतलं आणि काम तडीस नेलं. हजारो मजूर दोरांना लटकून कड्यात सुरुंगाची भोकं पाडत होते. कॉलरा आणि अपघातांनी त्यांतले किती गेले, याची मोजदाद त्यांच्या नावानिशी कुणी ठेवली नाही. १८६३मध्ये मार्ग खुला झाला तेव्हा त्यावर पंचवीस बोगदे आणि आठ दगडी पूल होते. सर्वांत तीव्र चढ ३७ला एक, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर.

खंडाळ्याच्या अलीकडे कडा असा उभा की वळायला जागाच नाही. तिथे बर्कलीच्या चमूने ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ काढलं. गाडी डोंगराच्या एका टोकावर सरळ जाऊन थांबायची. इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला यायचं, तिथे जोडलं जायचं, आणि गाडी उलट्या दिशेने वरच्या चढाला लागायची. वळण न घेता दिशा बदलली. १९२९च्या सुमारास विजेची गाडी आली, नवे बोगदे पडले आणि हे स्टेशन निकालात निघालं.

आता बारा बाय दहाच्या खोलीकडे. ब्रॉडगेजवर नियमाने चालणारं सर्वांत तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचं. भागिले ८७, दोन मीटर. दोन मीटर त्रिज्येचं पूर्ण वळण घ्यायला चार मीटर रुंदी लागते आणि आपली खोली ३.६६वर संपते. म्हणजे नियमातलं सर्वांत तीव्र वळणसुद्धा खोलीबाहेर जातं. खेळण्यातले रूळ ४०-६० सेंटीमीटर त्रिज्येत वळतात खरे, पण खऱ्या मापात ते ५२ मीटर किंवा त्याहून कमी झालं, आणि लांब डबे त्यावर भिंतीला कोपर घासत जातात.

चढाचं मात्र उलट आहे. मॉडेलचं इंजिन चार-सहा डबे घेऊन शेकडा अडीच-तीनपर्यंत चढतं, पुढे चाकं जागच्या जागी फिरू लागतात. घाटाचा ३७ला एक म्हणजे शेकडा २.७. बर्कलीच्या वाफेच्या इंजिनाची आणि आपल्या बारा व्होल्टच्या मोटारीची मर्यादा अशी जवळजवळ एकच निघते. चढ कमी करावा लागत नाही आणि वाढवताही येत नाही.

एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर मधे किमान आठ सेंटीमीटर मोकळी उंची हवी. ३७ला एक या दराने आठ सेंटीमीटर चढायला तीन मीटर जातात, म्हणजे अख्खी भिंत. साठ सेंटीमीटर त्रिज्येचा गोल जिना केला, तर एका फेऱ्यात दहा सेंटीमीटर चढतो, पण खोलीचा सव्वा मीटर औरसचौरस कोपरा खाऊन टाकतो. रिव्हर्सिंग स्टेशन मात्र गोल काही मागत नाही. गाडी भिंतीकडेने चढत जाते, थांबते, इंजिन टोक बदलतं, आणि त्याच भिंतीवर वरच्या फळीने परत येते.

कागदावरचा आराखडा

दोन भिंतींना लागून इंग्रजी ‘एल’च्या आकाराची दोन फुटी फळी. खालच्या टोकाला पळसदरी, तिथून पाच मीटरची चढण रिव्हर्सिंग स्टेशनपर्यंत, मग परतीची पाच मीटरची चढण खंडाळ्यापर्यंत. प्रत्येक टप्प्यात साडेतेरा सेंटीमीटर, एकूण २७. खऱ्या घाटाच्या मापात हे साडेतेवीस मीटर झाले, म्हणजे ५५८ मीटरांचा चोविसावा हिस्सा. उरलेले तेवीस हिस्से डोंगराच्या कड्याने आणि मागच्या पडद्यावरच्या रंगाने भरून काढायचे. कोपऱ्यावरचं एकच वळण पाऊण मीटर त्रिज्येचं ठेवायचं आणि ते बोगद्यात दडवायचं, म्हणजे तिथली खोट डोळ्याला दिसत नाही. पंचवीस बोगद्यांतले दोन आणि आठ पुलांतला एक पुरतो. एक दरी, एक कमानींचा पूल आणि दोन बोगदे पाहिले की पाहणारा उरलेला घाट स्वतः भरतो, कारण तो त्याने खिडकीतून पाहिलेला असतो.

रिव्हर्सिंग स्टेशन घेतलं की काळ १८६३ ते १९२९ असा ठरतो, आणि त्याची किंमत मोजावी लागते. दख्खनची राणी सुरू झाली १ जून १९३० रोजी, सात-सात डब्यांच्या दोन गाड्यांनी. एक चंदेरी आणि शेंदरी, दुसरी निळी आणि सोनेरी. ती आपल्या घाटात चालवता येणार नाही. घाटात मालगाड्या ओढणारं स्विस घराण्याचं विजेचं इंजिन, ज्याला रेल्वेवाले ‘खेकडा’ म्हणत, तेही रिव्हर्सिंग स्टेशन मोडता मोडता आलं. पुण्याच्या माणसाला राणीवर पाणी सोडायला सांगणं सोपं नाही. पण बदल्यात काय मिळतं ते पाहा. राणीचे सात डबे एचओमध्ये पावणेदोन मीटर व्यापतात, इंजिन वेगळं. आजची २४ डब्यांची गाडी तर साडेसहा मीटर, खोलीच्या जवळजवळ दुप्पट. त्या उलट जुने चारचाकी डबे आठेक मीटरचे धरले तर मॉडेलमध्ये नऊ सेंटीमीटर. सहा डबे आणि इंजिन मिळून पाऊण मीटर. मीटरभर लांब स्टेशनात ते आरामात फिरतात.

आणखी एक गोष्ट घाटाकडून उसनी घ्यावी: ‘कॅच सायडिंग’. उतारावर ब्रेक निकामी झालेली गाडी मुख्य मार्गावरून काढून चढावर नेणारी ही फसवी वाट. ठाकूरवाडी, मंकी हिल या ठिकाणी गाडी थांबून ब्रेक ताब्यात असल्याचं सिद्ध केल्यावरच पुढची वाट मिळते, त्यामागे हेच भय आहे. आपल्या फळीची उंची जमिनीपासून १.१ मीटर असेल, तर आकड्यातून सुटलेल्या डब्यासाठी ती ९६ मीटरची दरी आहे आणि तळाला टाइल्स आहेत. तेव्हा प्रत्येक उताराच्या शेवटी सांधा कॅच सायडिंगकडेच लावून ठेवायचा. शोभा म्हणून घातलेली गोष्ट पहिल्याच आठवड्यात कामाला येते.

वेगाचंही गणित करावं. ताशी १०० किलोमीटर म्हणजे मॉडेलमध्ये सेकंदाला ३२ सेंटीमीटर. बारा फूट साडेअकरा सेकंदांत संपतात आणि पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. घाटात गाडी ताशी ३०ने रखडत चढते असं धरलं, तर त्याच भिंतीला ३८ सेकंद लागतात. घाट निवडल्याने खोली तिपटीने मोठी होते.

पत्र्याखालचा उन्हाळा

धायरीत एप्रिलच्या दुपारी पाऱ्याने चाळिशी गाठली की पत्र्याखालची खोली भट्टी होते. जानेवारीत पहाटे त्याच खोलीत पारा दहा-बारावर येतो. रुळाचा धातू, म्हणजे निकेल सिल्व्हर, तीस अंशांच्या फरकाने तीन मीटरमागे दीड मिलिमीटर वाढतो. हिवाळ्यात रूळ टोकाला टोक भिडवून बसवले, तर मेमध्ये ते नागमोडी होतात. म्हणून रूळ उन्हाळ्यात टाकावेत किंवा दोन रुळांच्या जोडांत पत्त्याच्या जाडीएवढी फट ठेवावी. कोरेगाव पार्कात रेल्वेची स्थापत्य अभियांत्रिकी संस्था आहे. देशभरचे रेल्वे अभियंते तिथे हाच विषय लोखंडाच्या रुळांबाबत शिकतात.

पण धातूपेक्षा लाकूड जास्त दगा देतं. सिंहगडाच्या बाजूने पाऊस आला की चार महिने हवेत ओल असते आणि साधा प्लाय फुगतो. मरीन प्लाय घ्यावा, कापल्यानंतर कडांसह सहाही बाजू रंगाने किंवा व्हार्निशने बंद कराव्यात. पत्र्याखाली फॉल्स सीलिंग आणि मधे थर्माकोलचा थर दिला तर उन्हाचा अर्धा तडाखा मरतो. थ्रीडी प्रिंटरवर डबे छापायचे असतील तर पीएलए प्लास्टिक टाळावं, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. खिडकीतून ऊन पडणाऱ्या फळीवर डबा ठेवून जेवायला गेलं तर परत येईपर्यंत त्याचं छत खाली बसतं. एबीएस त्यापेक्षा टिकतं.

वीज रुळांमधूनच येते: एक रूळ धन, दुसरा ऋण, बारा व्होल्ट. गाडी वळसा घेऊन त्याच रुळावर उलट दिशेने परत आली की धन रूळ ऋणाला भिडून शॉर्ट होतो. रिव्हर्सिंग स्टेशनात वळसा नसल्याने ही डोकेदुखी आपोआप टळते. नवशिक्याने एकच गोष्ट मनावर घ्यावी, ती डाग देण्याची. दर मीटरला रुळाच्या बाहेरच्या बाजूला तांब्याची वायर जोडायची. आधी त्या जागी फाइलने रूळ घासून चकाकवायचा, फ्लक्सचा ठिपका द्यायचा, तापलेलं सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंद टेकवायचं, शिसं पाण्यासारखं पसरलं की लगेच उचलायचं. जास्त वेळ टेकवलं तर खालचे प्लास्टिकचे स्लीपर वितळून रूळ गेजबाहेर जातो. मग नखाने आतली कड चाचपायची. नखाला खरखर लागली तर चाकालाही लागणार.

धूळ हा वेगळा शत्रू. बाजूला इमारत उभी राहत असेल, आणि धायरीत ती राहतेच, तर सिमेंटची धूळ रुळावर बसून वीज तोडते. खिडकीला जाळीऐवजी काच आणि आठवड्याला एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलचं फडकं, एवढ्याने भागतं.

माल कुठून आणायचा

भारतीय गाड्यांची तयार मॉडेलं बाजारात नावालाच आहेत, आणि परदेशी माल महाग पडतो. स्केल मॉडेल ही जकातीच्या लेखी खेळणीच, आणि खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३मध्ये ७० वर गेलं. हे धोरण स्वस्त आयात खेळण्यांना अडवण्यासाठी होतं, पण जर्मनीहून एक सांधा मागवणाराही त्याच जाळ्यात येतो. म्हणून शहाणा माणूस बाहेरून दोनच गोष्टी आणतो: इंजिनाची मोटार-चाकांची चेसिस आणि सांधे. बाकी सगळं धायरी-नऱ्ह्यात होतं. लेझर कटिंगवाला दोन मिलिमीटरच्या एमडीएफमधून पुलाच्या कमानी कापून देतो. डब्यांच्या बगला फोटो-एचिंगने पितळेच्या पत्र्यात निघतात. प्लास्टर ऑफ पॅरिस, चिंध्या आणि पोती यांसाठी तर कुठे जायलाच नको. कड्याचा रंग मात्र तपकिरी करू नये. सह्याद्रीचा बेसॉल्ट पावसाळ्यात काळा-निळसर दिसतो आणि कड्याच्या आडव्या थरांवर हिरवं उगवतं.

नंतर याचं काय?

या छंदातली सर्वांत अवघड गोष्ट तंत्राची नाही. कॅलिफोर्नियातल्या जॉन अ‍ॅलनने तळघरात बांधलेली ‘गोरे अँड डॅफेटिड’ ही रेल्वे जगात नावाजली होती. १९७३च्या जानेवारीत तो वारला आणि काही दिवसांतच आग लागून ती नष्ट झाली. इंग्लंडमधले धर्मोपदेशक पीटर डेनी यांच्या ‘बकिंगहॅम’ रेल्वेवर त्यांचा मुलगा क्रिस्पिन एक स्टेशन सांभाळत असे. तो मोठा होऊन घराबाहेर पडला तेव्हा त्याची कामं करणारं यंत्र त्यांनी बनवलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’. बापाच्या रेल्वेवर मुलगा किती वर्षं उभा राहील, याचा हा जगभरचा अनुभव आहे. कोथरूडचं संग्रहालय भाऊसाहेबांमागे घरच्यांनी चालू ठेवलं, हा अपवाद मोठा मानायला हवा.

धायरीत तर घरच बदलतं. गुंठ्यावरचं घर पाडून तिथे इमारत येते, कुटुंब फ्लॅटमध्ये जातं, आणि भिंतीला ठोकलेली रेल्वे राडारोड्यात जाते. म्हणून घाट एकसंध बांधू नये. युरोपात छांदिष्टांनी यावर उत्तर काढलेलं आहे: ठरावीक मापाचे तुकडे, टोकाला ठरावीक जागी बोल्टची भोकं आणि वीजजोडणी, म्हणजे कोणाचाही तुकडा कोणाच्याही तुकड्याला जोडता येतो. आपल्यासाठी माप जिन्याने ठरवावं. अडीच फुटी दारातून आणि जिन्याच्या वळणावरून दोन माणसांना उचलून नेता येईल एवढाच तुकडा, म्हणजे साधारण चार फूट बाय दोन फूट.

आणि सुरुवात पळसदरीपासून करू नये, खंडाळ्यापासूनही करू नये. पहिला तुकडा रिव्हर्सिंग स्टेशनचा बांधावा. चार फुटांच्या त्या एका फळीवर इंजिन सोडणं, फिरवणं, जोडणं, सांधे बदलणं आणि कॅच सायडिंग हे सगळं येतं. घाट चालवणाऱ्या माणसांना जे काम रोज करावं लागे ते जवळजवळ पूर्ण. ही फळी फ्लॅटमधल्या त्या दोन फुटी माळ्यावरही मावते, फक्त मखराने थोडं सरकायला हवं. पुढचे तुकडे एकेका दिवाळीला जोडता येतील. नाही जोडले गेले, तरी १८६३ सालच्या घाटातली सर्वांत हुशार शंभर मीटर जागा घरात येऊन राहिलेली असेल, आणि ती चालवायला शेजारच्या मुलाला पाच मिनिटांत शिकवता येईल.